खिशात मावेल असं हत्यार हवंय? घेण्याआधी हे वाचा

शस्त्र परवाना हातात पडला की बहुतेक गिऱ्हाईक आमच्या बंदुकीच्या दुकानात काउंटरला टेकून एकच विचारतं, "सगळ्यात लहान कुठलं?" सराफ असोत, पंपवाले असोत की कंत्राटदार, सगळ्यांचं तेच. हाफ शर्टाखाली फुगवटा दिसायला नको, हे आम्हालाही कळतं. पण हत्यार लहान होत गेलं की ते धरायला आणि त्यानं नेम धरायला अवघड होत जातं. विकताना हे सांगायचं राहून जातं आणि सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक "बदलून द्या" म्हणत येतं. इथे मोबाइलसारखी अदलाबदल नसते. परवान्यावरच्या नोंदी बदलाव्या लागतात, पोलीस ठाण्याच्या खेपा होतात. म्हणून हे पत्रक आधीच देतोय.

.३२ च का?

९ मिमी आणि .३८ हे बोअर (नळीच्या आतल्या भोकाचं माप) सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे रोज जवळ बाळगण्यासाठी बहुतेकांचा शोध .३२ वर येऊन थांबतो, थोड्यांचा .२२ वर. मात्र ".३२" म्हणजे एकच काडतूस नव्हे, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पिस्तुलाचं काडतूस वेगळं (.३२ एसीपी), रिव्हॉल्व्हरचं वेगळं (.३२ एस अँड डब्ल्यू लाँग). रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि त्याच्या बुडाला ठसठशीत कड असते. पिस्तुलाचं आखूड, कड जेमतेम. मित्राच्या रिव्हॉल्व्हरची उरलेली काडतुसं आपल्या पिस्तुलाला चालतील, हा हिशेब डोक्यातून काढून टाका. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं दिसली तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातलं. खडकीचं जुनं इंग्रजी नाव 'किरकी', त्यातला तो 'के'.

अशनी की रिव्हॉल्व्हर?

अशनी हे सरकारी कारखान्याचं .३२ पिस्तूल. मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या पेटीत) ८ काडतुसं. त्याचा खरा फायदा चपटेपणात आहे. रिव्हॉल्व्हरची काडतुसांची चक्री कमरेला टेंगूळ आणते, अशनी अंगासरशी बसतं. सडपातळ माणसाला आणि शर्ट खोचणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

पण पिस्तूल शिस्त मागतं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजणारे लोक आम्ही दर महिन्याला पाहतो. नळीत एक काडतूस राहिलेलं असू शकतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून आत डोळ्यांनी पाहायचं, करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना नवं काडतूस नळीत चढवते. शिवाय स्लाइड ओढायला मनगटात जोर लागतो. संधिवात असलेल्या एका काकांनी आमच्यासमोर तीनदा प्रयत्न केला, मग स्वतःच हसून रिव्हॉल्व्हर मागितलं.

कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घाटाचं आहे. वरची कळ दाबली की नळी खाली झुकते आणि रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर उचलल्या जातात. नळी ३ इंची, गोळ्या ६, वजन सुमारे ७०० ग्रॅम. भरलेलं की रिकामं, हे उघडल्याबरोबर दिसतं. एखादं काडतूस फुटलं नाही तर चाप पुन्हा ओढायचा, चक्री फिरून पुढचं समोर येतं. चाप जड असतो, आणि नवख्या माणसासाठी तो जडच बरा, असं आमचं मत आहे. काही गिऱ्हाईकं तो हलका करून मागतात. आम्ही करून देत नाही.

२०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' रिव्हॉल्व्हर याच वजनाचं आहे, पण त्याची चक्री बाजूला उघडते. नळी ७६ मिमी, म्हणजे तीच ३ इंच. नव्यानं घेणाऱ्यानं दोन्ही उघडमीट करून पाहावीत. आम्हाला प्रबल सोयीचं वाटतं. जुन्या घाटाची सवय असलेल्यांना वाटत नाही.

हलकी हत्यारं

जानेवारी २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, त्याच .३२ बोअरचं. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. बायकांच्या पर्ससाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पर्सला ते हलकं आहेच. पण काडतूस तेच आणि वजन २०० ग्रॅम कमी, म्हणजे तेवढा धक्का मनगटावर जास्त. पहिल्या पाच गोळ्यांनंतर सराव सोडून दिलेल्या ताई आणि दादा, दोन्ही आम्हाला माहीत आहेत.

'निडर' रिव्हॉल्व्हर त्याहून हलकं, सुमारे २५० ग्रॅम, .२२ बोअरचं. धक्का जवळपास नाहीच आणि खिशात खरोखर मावतं. मात्र .२२ ची गोळी लहान, नळी अगदी आखूड. हात-दोन हातांच्या पलीकडे नेम लावायला सराव हवाच. रिकामं ठेवून चाप ओढत बसू नका, .२२ मध्ये काडतुसावर ठोका मारणारी पिन चक्रीच्या कडेवर आदळते आणि कड चेपते.

आजोबांचं विलायती

वारशानं आलेली ब्राउनिंग, कोल्ट, वॉल्थर अजून घराघरांत आहेत. वॉल्थर पीपीके १९३१ चं डिझाइन, आणि आजही हातात घेतल्यावर सोडवत नाही. पण स्प्रिंगा थकलेल्या असतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. .२५ चं 'व्हेस्ट पॉकेट' हे चिमुकलं पिस्तूल असेल तर काडतुसांसाठीच वणवण होते. अशी हत्यारं नीट तेल लावून जपा. रोज खिशात घालण्यासाठी ती आम्ही सुचवत नाही, मग कमिशन कितीही मिळो.

नुसता खिसा चालत नाही

शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागी हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी. पँटच्या खिशात किल्ल्या, नाणी आणि हत्यार एकत्र असलं की एखाद दिवशी किल्लीच चापात अडकते. खिशात ठेवायचं तर खिशाचं होल्स्टर घ्या, चाप पूर्ण झाकणारं, आणि त्या खिशात दुसरं काही ठेवू नका. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून जेवायला उतरणं म्हणजे 'ताब्यात' नव्हे.

वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी: शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामाच्या मुलाचं लग्न ही सबब चालत नाही. त्याच दुरुस्तीनं एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

घाम, पाऊस आणि हळद

कोकणात एका पावसाळ्यात हत्याराला गंज धरतो. घरी गेल्यावर चामड्याच्या होल्स्टरमधून ते काढून ठेवा, चामडं ओल धरून ठेवतं. घामाचा हात लागला की कोरड्या फडक्यानं पुसा, मग तेलाचा एक थेंब, जास्त नको. जास्त तेल काडतुसात मुरतं आणि ते फुसकं निघतं.

खंडेनवमीला हत्यार पाटावर ठेवण्याआधी रिकामं करा. घरात पोरंटोरं, पाहुणे असतात. हळद-कुंकू मुठीवर लावा, नळीच्या तोंडावर आणि चक्रीवर नको. दसऱ्यानंतरचा आठवडाभर आमच्याकडे अशी कुंकवानं अडकलेली हत्यारं येतात. ती आम्ही फुकट साफ करून देतो.

पाहायला येताना मूळ परवाना आणा, झेरॉक्सवर आम्ही काउंटरवर हत्यार काढत नाही. आणि रोज जे कपडे घालता तेच घालून या, कमरेचा पट्टासुद्धा तोच.