विमानाचं पेटंट, पण इंजिनाविना

राइट बंधूंना २२ मे १९०६ रोजी अमेरिकेत पेटंट मिळालं. क्रमांक ८२१३९३, शीर्षक 'उडणारं यंत्र'. त्यातल्या आकृत्या आज इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात, आणि पाहणारा हमखास बुचकळ्यात पडतो. कारण या उडणाऱ्या यंत्राला इंजिनच नाही. एकावर एक असे दोन पंख, पुढे एक आडवं सुकाणू, मागे एक उभं आणि हे सगळं जोडणाऱ्या दोऱ्या, बस्स. अर्ज केला होता मार्च १९०३ मध्ये. किटी हॉकच्या वाळूवर त्यांचं इंजिन बसवलेलं विमान १२ सेकंद हवेत राहिलं ते त्याच वर्षी १७ डिसेंबरला, म्हणजे अर्जानंतर जवळजवळ नऊ महिन्यांनी.

मग पेटंट कशाचं घेतलं? तोल सांभाळण्याचं. मला विचाराल तर राइटांचं खरं मोठेपण याच ठिकाणी आहे. पुरेसं दांडगं इंजिन हाताशी आलं की माणूस उडणारच, अशी त्या काळी बऱ्याच जणांची समजूत होती. जर्मनीत ऑटो लिलिएन्टाल अंगाचा भार इकडेतिकडे झुकवून ग्लायडर सावरायचा. शेकडो उड्डाणं केल्यावर १८९६ मध्ये असाच एकदा तोल गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. राइट बंधू धंद्याने सायकलवाले. सायकल आपली आपण उभी राहत नाही, चालवणारा तिला क्षणोक्षणी सावरत असतो, हे ते रोज पाहत होते. विमानही तसंच हातात धरून सावरावं लागणार, हे त्यांनी गृहीतच धरलं.

१८९९ मधली गोष्ट. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बरच्या हातात सायकलच्या ट्यूबचं रिकामं, लांबट खोकं होतं. बोलण्याच्या नादात त्याने खोक्याची दोन टोकं उलटसुलट पिळली. खोकं मोडलं नाही. एका टोकाची कड वर गेली, दुसऱ्याची खाली आली, आणि तरीही त्याचा ताठपणा कायम राहिला. दोन पंखांच्या विमानाची चौकटही अशीच खोक्यासारखी असते. दोऱ्या ओढून ती पिळली तर एका बाजूचा पंख हवेला जास्त कोन करतो आणि तिकडे उचल वाढते, दुसरीकडे ती कमी होते. विमान कलतं, आणि कललं की वळतं.

कागदावर सोपं वाटणारं हे गणित हवेत मात्र बिनसलं. कोन वाढला की उचलीबरोबर हवेचा अडथळाही वाढतो. त्यामुळे वर उचलला जाणारा पंख मागे ओढला जायचा आणि विमानाचं नाक नेमकं नको त्या बाजूला फिरायचं. १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी मागे उभं, स्थिर शेपूट लावून पाहिलं, तर काही वेळा ग्लायडर गिरकी घेत वाळूत येऊन रुतला. शेपूट हलती ठेवावी हे ऑर्व्हिलला सुचलं. ती पंख पिळणाऱ्या दोऱ्यांनाच जोडून टाकावी, म्हणजे पंख पिळला की शेपूट आपोआप योग्य तेवढी वळेल, ही विल्बरची भर. पेटंटचा गाभा तो हा.

पेटंट हा सरकारशी केलेला सौदा असतो. तुमची युक्ती त्या विषयातल्या जाणकाराला वाचून करता येईल इतकी उघड करून सांगा, म्हणजे ठराविक मुदतीपर्यंत, आज बहुतेक देशांत अर्जापासून २० वर्षं, इतरांना ती वापरण्यापासून तुम्ही अडवू शकाल. पण 'ती' म्हणजे नक्की काय, हे ठरतं दस्तऐवजाच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या वाक्यांवर. त्यांना दावे म्हणतात. आकृत्या कितीही असोत, वर्णन वीस पानांचं असो, हक्क चालतो तो दाव्यांपुरताच. वकिलाचं कसब पणाला लागतं तेही इथेच. राइटांनी आधी स्वतः लिहिलेला अर्ज पेटंट कार्यालयाने परत पाठवला होता. मग ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचे वकील हॅरी टूलमिन यांनी तो नव्याने बांधला. दावा पंख पिळण्यापुरता न ठेवता, पंखांच्या दोन टोकांचे कोन वेगवेगळे करून तोल साधणं ही सगळी कल्पनाच त्यात कवेत घेतली.

ग्लेन कर्टिस या अमेरिकी विमान बनवणाऱ्याला हे चांगलंच जड गेलं. त्याच्या विमानात पंख पिळतच नव्हते. त्याने कडेला बिजागरीवर हलणाऱ्या झडपा बसवल्या होत्या, एलेरॉन. विमानात पंखाजवळच्या खिडकीत बसलात आणि वळताना पंखाच्या टोकाकडे, मागच्या कडेला एक पट्टी वर-खाली होताना दिसली, तर ती तीच. मूळ राइट विमानाचं आजच्या विमानाशी जेवढं साम्य आहे, त्याहून कर्टिसच्या विमानाचं जास्त. तरीही १९०९ मध्ये राइटांनी खटला भरला आणि जानेवारी १९१४ मध्ये अपील न्यायालयाने कौल त्यांच्याच बाजूने दिला. झडप असो की पीळ, दोन टोकांचे कोन वेगळे होताहेत ना, मग दावा लागू. विल्बर हे पाहायला नव्हता. १९१२ मध्ये विषमज्वराने तो गेला होता. पुढे १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सरकारच्या रेट्याने सगळ्या विमान कंपन्यांची पेटंटं एका सामाईक संस्थेत गोळा करण्यात आली. त्या युद्धात अमेरिकी वैमानिक बहुतांशी फ्रेंच विमानांत बसून लढले. याचं सगळं खापर राइटांच्या खटल्यांवर फोडण्याची रीत आहे. ते मला पटत नाही. युद्धापूर्वी अमेरिकी सैन्याने विमानांवर खर्चच फार थोडा केला होता.

गंमत अशी की एलेरॉनसारख्या झडपांचं पेटंट मॅथ्यू बोल्टन नावाच्या गृहस्थाने १८६८ मध्येच ब्रिटनमध्ये घेऊन ठेवलं होतं. झडपा लावायला विमान मात्र नव्हतं. पेटंटची मुदत संपली, लोक विसरलेही.

जर्मनीत उलटंच घडलं. १९१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने राइटांचं पेटंट टिकवलं नाही, आणि कारण काय, तर विल्बरने १९०१ मध्ये दिलेलं भाषण आणि त्यांचे स्नेही ऑक्टेव्ह शानूट यांनी १९०३ मध्ये दिलेली भाषणं. अर्जाआधीच जगाला सांगून टाकलेली गोष्ट नवी कशी?

नवेपणाची हीच अट आपल्या हळदीच्या कामी आली, पण सरळ नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. पहिला दावा जवळपास एवढाच होता की रुग्णाला हळदीची पूड पुरेशा प्रमाणात द्यावी. बोट कापलं की आई डब्यातली चिमूटभर हळद त्यावर दाबते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात एक मेख होती. एखादी गोष्ट परदेशात नुसती वापरात असेल तर ती 'जुनी' धरली जात नसे. परदेशातला पुरावा छापील लागे. घराघरातल्या आयांची साक्ष तिथे चालणार नव्हती.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, जन्माने गोव्यातल्या माशेलचे. परिषदेने १९९६ मध्ये पेटंटला आव्हान दिलं आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर होता आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला एक लेखही. १९९७ मध्ये सगळे दावे रद्द झाले. आपण 'हळद जिंकली' म्हणून पेढे वाटतो. जिंकले खरं तर ते छापील कागद. म्हणूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा करून आयुर्वेदातले, युनानीतले योग पाच परकीय भाषांत लिहून काढण्याचा खटाटोप झाला, म्हणजे परदेशी परीक्षकाला शोधताच सापडावेत. अमेरिकेनेही २०११ च्या कायद्याने ती मेख काढली. आता वापर जगात कुठेही झालेला असला तरी चालतो.

शेतीत हा नव्या-जुन्याचा प्रश्न आणखी बारीक होतो. मुळाशी थोडं थोडं पाणी द्यावं यात नवं काय? झाडाजवळ मातीचं मडकं पुरून पाझर देण्याची रीत जुनीच आहे. आपल्या पेटंट कायद्यातही शेतीची किंवा फळबागेची पद्धत हा शोध धरलाच जात नाही. यंत्राला मात्र पेटंट मिळतं. ठिबकची सारी करामत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या त्या बोटाएवढ्या ड्रिपरमध्ये आहे.

जुनी झालेली इनलाइन नळी, म्हणजे ड्रिपर आतच बसवलेली नळी, ब्लेडने उभी चिरून पाहा. आत चिकटलेली प्लास्टिकची पट्टी दिसते, तिच्यावर करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी वाट. पाणी एका टोकाच्या जाळीतून आत शिरतं, दात्यांवर आपटत, भोवरे करत पुढे सरकतं आणि दुसऱ्या टोकाला थेंब होऊन पडतं. एवढा फेरा कशाला? हिशोब करून पाहू. नळीत साधारण १० मीटर उंचीच्या टाकीएवढा दाब असेल आणि ताशी ४ लिटर पाणी हवं असेल, तर नुसतं भोक पाडून चालायला ते भोक जेमतेम ०.४ मिलिमीटरचं ठेवावं लागेल. विहिरीच्या पाण्यातला बारीक रेतीचा एक कण पुरे, झालं चोकअप. वाट लांब आणि वळणांची केली की दाब वाटेतच खर्ची पडतो, त्यामुळे तेवढ्याच पाण्यासाठी ती रुंद ठेवता येते आणि कण निघून जातात. भोवऱ्यांमुळे गाळही सहसा बसत नाही. (क्षार बसतातच. त्यासाठी ॲसिड सोडावं लागतं, ते कोणत्याही पेटंटने टाळलेलं नाही.)

हे सुचलं सिम्खा ब्लास या पाणी-अभियंत्याला. पोलंडमध्ये जन्मलेला हा माणूस पॅलेस्टाइनमध्ये काम करत असताना, १९३० च्या दशकात, एका शेतकऱ्याने त्याला पाण्याशिवाय फोफावलेलं झाड दाखवलं. मुळाशी एक गळकी नळी निघाली. पण तेव्हा हाताशी धातूचेच पाइप होते. स्वस्त प्लास्टिक येईपर्यंत कल्पना पडून राहिली. मग मुलाच्या मदतीने ब्लासने लांब, गुंडाळलेल्या वाटेचा ड्रिपर केला, पेटंटं घेतली आणि १९६५ मध्ये नेगेव्ह वाळवंटातल्या हात्झेरिम किबुट्झशी, म्हणजे एका सामुदायिक शेतीवस्तीशी, करार केला. नेताफिम कंपनी त्यातून निघाली. आज ती पहिली पेटंटं केव्हाच संपली आहेत. जळगावच्या केळीच्या बागांतून पसरलेल्या नळ्या तिथेच, जळगावातच तयार होतात. मुदत संपली की युक्ती सगळ्यांची होते.

मुदतीआधीही होते कधी कधी. फ्रँक व्हिटल या ब्रिटिश हवाई दलातल्या तरुण अधिकाऱ्याने १९३० मध्ये जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. हवाई मंत्रालयाला त्यात रस नव्हता, इतका की ते गुपित ठेवण्याचीही गरज कुणाला वाटली नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे ५ पौंड भरायला व्हिटलकडे पैसे नव्हते, मंत्रालयाने भरले नाहीत, पेटंट गेलं. जेटवर उडालेलं पहिलं विमान १९३९ मध्ये जर्मनांचं होतं. व्हिटलचं इंजिन हवेत गेलं ते १९४१ मध्ये.

औषधात हा सौदा सगळ्यात अवघड होतो. मधुमेहावरच्या इन्सुलिनचंच पाहा. टोरोंटोत १९२१ च्या उन्हाळ्यात बॅन्टिंग आणि बेस्ट या संशोधकांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला बैलांच्या स्वादुपिंडातून काढलेला असाच अर्क टोचला, तर साखर जेमतेम उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झालं. अर्कात नको ती प्रथिनं होती. जेम्स कोलिप या रसायनतज्ज्ञाने बारा दिवसांत मार्ग काढला. अल्कोहोलचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं तर बरीचशी इतर प्रथिनं आधी खाली बसतात, इन्सुलिन मात्र विरघळलेलंच राहतं. ते वरचं द्रावण वेगळं करून अल्कोहोल आणखी वाढवलं की मग इन्सुलिन बसतं. दुसऱ्या खेपेला मुलाची साखर उतरली.

वैद्याने औषधावर पेटंट घेणं बॅन्टिंगला गैर वाटत होतं. तरी पेटंट घेतलं गेलं, १९२३ मध्ये, आणि तिघांनी प्रत्येकी १ डॉलर घेऊन ते टोरोंटो विद्यापीठाला देऊन टाकलं. भोळेपणा नव्हता तो. त्यांनी घेतलं नसतं तर उद्या कुणी किरकोळ सुधारणा करून दावा ठोकला असता आणि सगळ्यांना अडवून बसला असता. दार उघडं ठेवण्यासाठीच किल्ली आपल्या खिशात ठेवली. अर्थात ती १९२३ च्या अर्काची किल्ली. पुढे आलेल्या नव्या इन्सुलिनांना नवी पेटंटं मिळत गेली आणि किमतींचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

भारताने १९७० च्या कायद्यात वेगळी वाट धरली होती. औषधाचं पेटंट फक्त ते बनवण्याच्या कृतीला, पदार्थाला नाही. त्यामुळे तोच रेणू दुसऱ्या कृतीने करणं गुन्हा नव्हता, आणि मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्या त्यावर वाढल्या. जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून पदार्थालाही पेटंट द्यावं लागलं, पण कायद्यात सक्तीच्या परवान्याचं, म्हणजे पेटंटवाल्याची तयारी नसली तरी दुसऱ्याला ते औषध बनवू देण्याचं कलम ठेवलं. ते पहिल्यांदा वापरलं गेलं मुंबईच्या पेटंट कार्यालयातून, ९ मार्च २०१२ रोजी. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचं बायर कंपनीचं औषध महिन्याला २,८०,४२८ रुपयांना पडत होतं आणि गरज असलेल्यांपैकी फार थोड्यांपर्यंत पोहोचत होतं. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकायची परवानगी मिळाली, बायरला विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वधन देण्याच्या अटीवर. अपिलात ते ७ टक्के झालं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला.