बांधलंय म्हटल्यावर बिल्डिंगच की!

माझी भाची खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठीतून शिकली, आता बेळगावात सिव्हिलचा डिप्लोमा करते. गोकाकची सहल झाली आणि तिचा इंग्रजी रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली. पहिल्याच पानावर धबधब्याजवळचा झुलता पूल ‘बिल्डिंग’ झाला होता, बेळगावचा किल्ला ‘कन्स्ट्रक्शन’ होता आणि घटप्रभेवरचं हिडकलचं धरण नुसतंच ‘मेड’ होतं.

मी पेन्सिलीने ‘बिल्डिंग’वर गोल केला तशी ती म्हणाली, “मामा, बांधलंय म्हटल्यावर बिल्डिंगच की!”

तिचं चुकलं असं मला वाटत नाही. मराठीत आपण घर बांधतो, पूल बांधतो, धरण बांधतो आणि सरपणाची मोळीसुद्धा बांधतो. शेजारच्या कन्नडचंही तसंच. तिथे ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, मग ती गाठ असो वा घर. त्यातूनच ‘कट्टड’ म्हणजे इमारत आणि ‘अणेकट्टु’ म्हणजे धरण. दोन्ही भाषा कानावर घेत वाढलेल्या मुलीला सगळं बांधलेलं एकाच जातीचं वाटणार. इंग्रजीने मात्र या कामाच्या वाटण्या केल्या आहेत, आणि त्या समजायला थोडं विज्ञान लागतं.

‘स्ट्रक्चर’ म्हणताना इंजिनिअरच्या डोळ्यांसमोर भार असतो. स्वतःचं वजन, वरून चालणारी माणसं, वारा, पाणी हे सगळं जमिनीपर्यंत सुखरूप पोहोचवणारी कोणतीही रचना म्हणजे स्ट्रक्चर. गोकाकचा झुलता पूल सुमारे २०१ मीटर लांब. त्यावर आपण पाऊल टाकलं की आपलं वजन आधी पायाखालच्या फळीवर पडतं. फळीवरून ते उभ्या लोंबत्या दोरांत जातं, तिथून मुख्य केबलमध्ये. पुढे त्याला दोन वाटा फुटतात. काही भार टोकांच्या मनोऱ्यांवरून खाली उतरतो, उरलेली ओढ काठावर पक्क्या रोवलेल्या टोकांना सोसावी लागते. केबल ताणली जाते, मनोरा दाबला जातो. या पुलात कुणी राहत नाही, त्याला छप्पर नाही, भिंती नाहीत. म्हणून तो बिल्डिंग नाही, पण स्ट्रक्चर शंभर टक्के आहे.

किल्ल्यातल्या कमल बस्तीत याच्या उलट खेळ दिसतो. रट्ट राजघराण्याच्या राजवटीत १२०४ साली उभ्या राहिलेल्या या जैन मंदिरात खांबांची दाटी का, असा प्रश्न तिथे गेलेल्या माणसाला पडायला हवा. दगड दाब झकास सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. आडव्या दगडी तुळईवर भार आला की ती किंचित वाकते, तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लांब तुळई तिथूनच तडकते. म्हणून दगडी तुळया आखूड ठेवायच्या आणि खांब जवळजवळ उभे करायचे. याच वास्तूला ‘बिल्डिंग’ म्हटलं तर आत माणसं जातात, डोक्यावर छत आहे, एवढंच कळतं. ‘मॉन्युमेंट’ म्हटलं की आठवणीचा विषय निघतो. खांब असे का उभे आहेत हे बोलायचं तर ‘स्ट्रक्चर’च हवं.

‘कन्स्ट्रक्शन’साठी मी भाचीला सोपी परीक्षा दिली. त्या जागी मराठी ‘बांधकाम’ घालून बघ. ‘किल्ला हे बांधकाम आहे’ हे कानाला खटकतं. ‘किल्ल्याचं बांधकाम दगडी आहे’ किंवा ‘बांधकाम चालू आहे’ हे बरोबर वाटतं. इंग्रजीतही बहुतेक वेळा तसंच. हा शब्द मुख्यतः क्रियेचा आणि पद्धतीचा आहे, उभ्या वस्तूला तो क्वचितच शोभतो.

बांधकामाच्या नियमांची भाषा थोडी वेगळी चालते. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ‘बिल्डिंग’ची व्याख्या बरीच ऐसपैस आहे, माणूस राहो न राहो. पण समारंभापुरता उभारलेला तंबू किंवा शामियाना तिथे बिल्डिंग धरत नाहीत. म्हणजे आपल्या गणपतीचा मांडव बिल्डिंग नाही. स्ट्रक्चर मात्र तो आहेच, कारण भाद्रपदातला वारा कोडची व्याख्या वाचून वाहत नाही.

क्रियापदांत तर मराठी माणसाला घाबरायचं कारणच नाही. आपण विहीर पाडतो, मांडव घालतो, स्लॅब टाकतो, चूल मांडतो. ‘विहीर बांधली’ म्हटलं की खणलेल्या विहिरीला आतून दगड लावले, हे शेतकऱ्याला न सांगता कळतं. इंग्रजीतही असंच आहे. विहिरीला ‘सिंक’, मांडवाला ‘इरेक्ट’, स्लॅबला ‘कास्ट’, फरशीला ‘ले’. वीट ‘मेक’ करतात, भिंत ‘बिल्ड’ करतात. ज्याच्या कानाला आपल्या भाषेतला फरक कळतो, त्याला हाही कळेल.

पण खरी जोखीम पाण्याच्या शब्दांत आहे, आणि इथे मी भाचीला तासभर बसवलं. चिकोडी-निपाणीकडे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे. पूर आला की पाणी बंधाऱ्यावरून वाहतं, त्यावरची वाहतूक थांबते, माणसं लांबचा रस्ता धरतात. हा बंधारा म्हणजे ‘वेअर’. पाणी डोक्यावरून जाणार हे धरूनच त्याची आखणी केलेली असते. नदीवर ओळीने दरवाजे बसवून पाणी हवं तसं सोडता-अडवता आलं की ‘बॅरेज’. आणि ‘डॅम’ पाणी मागे साठवून ठेवतो, त्याच्या जादा पाण्याला सांडव्याची ठरलेली वाट असते. त्यातही मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जाणं म्हणजे मरण. वाहतं पाणी उतारावरची माती खरवडत नेतं, घळ पडते, घळीतून आणखी पाणी घुसतं. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मच्छू-२ धरणावर हेच झालं. पूर सांडव्याला झेपला नाही, पाणी मातीच्या बाजूंवरून गेलं, त्या वाहून गेल्या आणि खालचं मोरबी शहर बुडालं. हजारो माणसं गेली.

म्हणून बंधाऱ्यावर पाणी आल्याची बातमी इंग्रजीत देताना कुणी ‘वेअर’च्या जागी ‘डॅम’ लिहिलं, तर दूरच्या वाचकाच्या छातीत धस्स होईल. नेहमीच्या पावसाळ्यातली गोष्ट त्याला प्रलय वाटेल. याउलट खऱ्या धोक्याला मऊ शब्द लागला तर गाव झोपून राहील.

शेताच्या बांधाला इंग्रजी शब्द शोधत भाचीने डिक्शनरी चाळली होती. तो तिच्या घरातच होता. इंग्रजीतला ‘बंड’ फारसी ‘बंद’वरून आला, आणि तो आपल्या ‘बंध’चा नातलग. ‘अ‍ॅनिकट’ तमीळ ‘अणैक्कट्टु’वरून, म्हणजे कन्नड ‘अणेकट्टु’च्या भावंडावरून. तिच्या घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. खाणीतून काढताना जांभा मऊ, तासायला सोपा असतो, हवेवर वाळला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात विटेसाठीच्या ‘लेटर’ या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं.

‘बिल्ड’चं मूळ तर ऐकून ती हरखलीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घर उभं करणं असा होता, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचा धागा संस्कृत ‘भू’पर्यंत नेतात. असणं, वसणं. ‘भवन’ही त्याच धातूचं.

“म्हणजे जिथं कुणी असतं ती बिल्डिंग,” ती म्हणाली. मग रिपोर्ट ओढून घेतला, पुलापुढचा शब्द खोडला आणि ‘सस्पेन्शन ब्रिज’ लिहिलं. धबधब्याच्या काठच्या जुन्या सूतगिरणीला मात्र तिने ‘बिल्डिंग’च ठेवलं. धरणाच्या ओळीवर तिची पेन्सिल अडली. “हिडकलचं मातीचं किती न् दगडी किती, ते आधी बघायला पायजे,” म्हणत तिने तिथे प्रश्नचिन्ह काढलं.