पापड सादळतात त्या बेटावर: ओकिनावातल्या दमटपणाची पार्श्वभूमी

ताईची मुलगी नाहाला राहते. नाहा म्हणजे जपानच्या पार दक्षिणेला ओकिनावा बेट आहे ना, तिथलं मुख्य शहर. मे महिन्यात तिला उडदाचे पापड पाठवले तर आठवड्याभरात सादळले, कपाटातल्या लेदरच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, आणि ताईचा इथून फोनवर सल्ला काय तर "अगं एक कूलर घेऊन टाक ना."

आता आपलं नाशिककरांचं गणित सरळ असतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की कूलरला नवीन गवत, टाकीत पाणी, झालं काम. पण कूलर चालतो तो आपली हवा कोरडी असते म्हणून, कोरडी हवा ते पाणी पिते आणि गार होते. नाहात चाळीस कधी होतच नाही, उन्हाळ्यातली दुपार साधारण ३२ अंशांची, पण जूनमध्ये हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर, तिथे कूलर लावणं म्हणजे बंद न्हाणीघरात आणखी एक बादली गरम पाणी ओतणं. थंडीही आपल्यासारखी कोरडी, गोदाकाठी शेकोटी पेटवायची नाही, जानेवारीची सरासरी १७ अंश.

मग एसी नव्हता तेव्हा लोक राहिले कसे? वाऱ्यावर. आपल्या जुन्या नाशकातले वाडे बघा, जाड भिंती, मधे चौक, सगळा खटाटोप ऊन बाहेर ठेवायचा. तिथे उलटं, भिंतीच कमी. नाकामुरा घराण्याचं १८व्या शतकातलं घर तिथे अजून उभं आहे, सरकती दारं बाजूला केली की घर आरपार मोकळं. जमीन चौथऱ्यावर उचललेली, वळचण इतकी पुढे आलेली की पाऊस चालू असतानाही दार लावावं लागत नाही (दमट हवेत दार बंद झालं की खेळ खलास). बाहेर दगडी कुंपण आणि फुकुगी नावाच्या झाडांची दाट रांग, ती वादळाचा मार खाते आणि सावलीही देते. फोटोत दिसतात ती लाल कौलं मात्र सगळ्यांच्या नशिबी नव्हती, साध्या माणसाला १८८९ पर्यंत परवानगीच नव्हती, गवताने शाकारलेलं छप्पर.

कपड्यांचं मला जास्त आवडलं. तिथे केळीच्या सोपटापासून कापड विणतात, बाशोफू. खायची केळी नाही, धाग्याची वेगळी जात. सोपटं राखेच्या पाण्यात उकळायची, खरवडायची, आणि धागा हाताने एकेक गाठ मारत जोडायचा, एका किमोनोच्या कापडाला साधारण २०० झाडं लागतात. कापड जरा ताठ असतं म्हणून घामाने अंगाला चिकटत नाही, मधून हवा खेळत राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे जवळजवळ संपलंच होतं, किजोका गावात तोशिको ताइरा या बाईंनी परत उभं केलं, २००० साली जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला. जळगावात केळीचे एवढे खांब दरवर्षी तोडले जातात ते आठवून जीव हळहळतो, पण असो.

त्याच महायुद्धात, १९४५ च्या अमेरिका-जपान लढाईत बेटावरची घरं बेचिराख झाली. नंतर घाईघाईत लाकडी घरं उभारली, १९४९ च्या वादळाने त्यातली कितीतरी झोपवली, वाळवी होतीच. अमेरिकन लष्कराने तळांसाठी सिमेंटचं बांधकाम आणलं आणि बघता बघता सगळं बेट स्लॅबचं झालं. वादळाचा प्रश्न सुटला, पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता आत सोडतो, वारा अडतो तो वेगळाच. त्यावर तिथल्या लोकांनी काय केलं, तर नक्षीदार सिमेंटची जाळी लावली. "हाना बुरोक्कू" म्हणतात, फुलांचा ब्लॉक. भाचीने फोटो पाठवला तर मी हसलोच, ही तर आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातली जाळी!

एसीची गंमत म्हणजे तो जन्मला तोच दमटपणामुळे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात कागद दमट हवेत फुगायचा, रंग जुळायचे नाहीत, म्हणून विलिस कॅरियरने हवेतलं पाणी काढणारी यंत्रणा आखली, माणसांना गार वाटणं हा नंतरचा फायदा. नाशिकरोडला नोटा छापणाऱ्या गावाला हे लगेच कळावं.

एसी आला म्हणून सुटाबुटात बसायचं असंही नाही. १९७० मध्ये तिथल्या हॉटेलवाल्यांनी बाहेर सोडायचा सैलसर शर्ट आणला, त्यालाच पुढे कारियुशी म्हणू लागले, २००० साली ओकिनावात जी-८ या आठ बड्या देशांच्या बैठकीला आलेल्या नेत्यांनी तो घातला आणि मग सरकारी ऑफिसातही उन्हाळ्यात तोच.

भाचीने शेवटी कूलर नाही, हवेतलं पाणी ओढणारं मशीन घेतलं. रात्रभर चालवलं की सकाळी टाकी काठोकाठ. ताईला व्हिडिओ कॉलवर ती टाकी मोरीत ओतताना दाखवली, ताई म्हणते, "एवढं पाणी? आमच्याकडे नळाला येत नाही गं."