आधी शेती, मग घर? पुरावे उलटं सांगतात

‘माणसाला शेतीचा शोध लागला आणि तो एका जागी स्थिरावला’ हे शाळेत घोकलेलं वाक्य. पश्चिम आशियातली उत्खननं ते खोडून काढतात.

इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराकाठी ओहालो-२ इथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्या सापडल्या. तिथले लोक शिकार आणि मासेमारी करत, तरी रानगहू, रानजव गोळा करून दगडावर वाटतही होते. पुढे याच भागातल्या नातुफी नावाच्या शिकारी-संग्राहक लोकांनी दगडी भिंतींची घरं बांधली. पाळीव पीक तेव्हाही नव्हतं. (कुत्रा मात्र होता. ऐन मल्लाहा या नातुफी वस्तीत माणसाशेजारी पुरलेलं पिल्लू मिळालं.)

बरं, बदल झटपट झाला म्हणावं, तर तेही नाही. रानगव्हाचे दाणे पिकले की झडून जातात. कापणी-पेरणीच्या चक्रात न झडणारी कणसं टिकत गेली. पण ती सर्रास व्हायला हजार-दोन हजार वर्षं तरी लागली.

पशुपालनाचंही तेच. इराणमधल्या गंज दारेह इथल्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या हाडांत बोकड बहुतेक कोवळ्या वयात मारलेले आणि माद्या जास्त काळ जगवलेल्या दिसतात. शिकारी अशी निवड सहसा करत नाही. हे कळप राखणाऱ्याचं काम. शेळ्या अंगापिंडाने मात्र अजून रानातल्याच होत्या.