थिनरचा वास आणि मेंदू : हे प्रकरण १८५६ पासूनचं आहे

रंगकाम करणाऱ्याचं संध्याकाळी डोकं जड होतं, चिडचिड वाढते, सांगितलेलं लक्षात राहत नाही, आणि लोक सरळ म्हणतात की पीत असेल. कामाच्या आधी माणसावरच संशय घ्यायचा, हे खूप जुनं आहे.

१८५६ मध्ये पॅरिसच्या ऑगस्त देलपेश या डॉक्टरांनी रबर कारखान्यातल्या कामगारांबद्दल लिहिलं. तिथे रबर पक्कं करायला कार्बन डायसल्फाइड वापरायचे, त्याची वाफ दिवसभर नाकातोंडात, मग आधी डोकेदुखी आणि नको तितका उत्साह, नंतर विसरभोळेपणा, उदासी, हातापायातली ताकद जाणं. इतकं स्पष्ट लिहूनही १८८८ मध्ये शार्कोसारख्या नावाजलेल्या डॉक्टरने अशाच एका कामगाराचं निदान हिस्टेरिया, म्हणजे मनाचा आजार, असं केलं, रसायन फक्त निमित्त! इंग्लंडमधले थॉमस ऑलिव्हर तर लिहून गेलेत की काही ठिकाणी कामगार भ्रमात खाली उडी मारतील म्हणून खिडक्यांना गज बसवले होते. म्हणजे मालकाला सगळं कळत होतं, पण वाफ बाहेर काढायची सोय करण्याऐवजी गज बसवले, हे वाचून आजही संताप येतो.

खरंतर कारण साधं आहे, थिनर, कार्बन डायसल्फाइड यांसारखे सॉल्व्हंट, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारे द्रव, चरबी विरघळवतात आणि मेंदूत चरबी भरपूर, श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला फार वेळ लागत नाही.

पेंटरांकडे लक्ष गेलं ते १९७० च्या दशकात, स्कँडिनेव्हियात. फिनलंडच्या हेलेना हॅन्निनेन यांनी कामगारांच्या स्मरणशक्तीच्या, हाताच्या वेगाच्या टेस्ट घेतल्या, १९७६ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात मानसिक आजारामुळे पेन्शनवर गेलेल्यांत पेंटर जास्त दिसले. डेन्मार्कमध्ये तर याला पेंटरांचा आजारच म्हणायला लागले आणि भरपाईचे दावे आले. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कोपनहेगनच्या बैठकीत आजाराच्या पायऱ्या ठरल्या. वादही झाला, १९८८ मध्ये काही डॅनिश संशोधकांनी जुने आकडे परत तपासून म्हटलं की शिक्षण आणि मूळ बुद्धी धरली तर फारसा फरक उरत नाही. हा आक्षेप निदान किती काळजीने करावं यासाठी महत्त्वाचा आहे, पण त्याने वाफ निरुपद्रवी ठरत नाही. डेन्मार्कने १९८० च्या दशकात नियम कडक केले आणि पाण्यात मिसळणारे रंग वाढले.

आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधल्या आजारांच्या यादीत कार्बन डायसल्फाइडची विषबाधा होती, बेन्झीन या सॉल्व्हंटचीही होती. पण बंद खोलीत दारांना पॉलिश मारणारा, ठेकेदाराच्या हाताखालचा पेंटर मुळात कारखान्यातच नसतो, त्यामुळे ती यादी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.