दोन सिलिंडर, एक नळी : थ्रॉटल बॉडी सिंक घरी कसं करावं

गवंडी भिंतीची रेघ मारताना पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, ती तुम्ही पाहिली असेल. एक टोक या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात; पाणी दोन्हीकडे जिथे थांबेल ती एकच पातळी. तुम्ही आमच्याकडून नेलेली पाटी, म्हणजे तिच्यावर बसवलेली तेलाची नळी, ही तीच लेव्हल आहे. पाण्याऐवजी तेल आणि भिंतीच्या कोपऱ्यांऐवजी तुमच्या गाडीचे दोन सिलिंडर, एवढाच फरक. सिलिंडरला जाणारी हवा कमी-जास्त करते ती थ्रॉटल बॉडी; दोन सिलिंडरच्या दोन थ्रॉटल बॉडी सारख्याच उघडतील अशा जुळवणं म्हणजे सिंक. पाटी हातात घेतल्यावर बरेच जण विचारतात, "एवढंच?" हो, एवढंच.

आधी हे बघा : तुमच्या गाडीला याची गरज आहे का?

क्लासिक ३५०, ड्यूक ३९०, पल्सर २२० या एका सिलिंडरच्या गाड्या आहेत. एका सिलिंडरला जुळवायला दुसरं काही नसतंच, म्हणून अशी गाडी असेल तर आम्ही पाटी विकत नाही. हार्लेच्या बहुतेक व्ही-ट्विनमध्ये सिलिंडर दोन असले तरी थ्रॉटल बॉडी एकच असते, त्यामुळे तिथेही याचा उपयोग नाही. इंटरसेप्टर किंवा कॉन्टिनेंटल जीटी ६५०, निंजा ३००, आर३ अशा प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी असलेल्या गाड्यांसाठी हे पत्रक आहे.

ऐंशीच्या दशकातल्या राजदूत ३५० ला दोन कार्ब (कार्ब्युरेटर) होते. जुने मिस्त्री दोन्ही कार्बमध्ये एकेक बोट घालून केबल ओढायचे आणि दोन्ही स्लाइड (हवेची वाट उघडणारे सरकते भाग) एकाच क्षणी उचलतात का ते बोटालाच विचारायचे. कामाचं तत्त्व आजही तेच आहे. फक्त आताचे बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटल बॉडीत हवा अडवणाऱ्या फिरत्या चकत्या, केसाएवढ्या फटीवर चालतात आणि ती फट बोटाला कळत नाही.

काय बिघडतं आणि नळी काय दाखवते

आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, दोन्ही बटरफ्लाय जवळजवळ बंद असतात. एक जरासा जास्त उघडा राहिला की तो सिलिंडर जास्त हवा घेतो, जास्त काम करतो आणि दुसऱ्याला ओढत नेतो. मग आयडल लंगडं होतं, हँडल आणि फूटपेग झिणझिणतात, सिग्नलवरून हळूच सोडताना गाडी झटका देते. वेगात असताना दोन्ही भरपूर उघडलेले असतात, तेव्हा हा फरक बुडून जातो. म्हणून "८० च्या वर मक्खन, गल्लीत गचके" ही तक्रार ऐकली की आमचे कान टवकारतात.

बटरफ्लाय जितका जास्त बंद, तितकी त्याच्यामागची ओढ (इंजिनाचा हवा शोषण्याचा जोर) जास्त. जास्त ओढ असलेल्या बाजूला तेल वर चढतं. पारा तेलाच्या साधारण १६ पट जड असतो, म्हणून हीच ओढ दाखवणाऱ्या पाऱ्याच्या गेजवर १ मिलिमीटर दिसणारा फरक या नळीत १६ मिलिमीटर दिसतो. काही कंपन्यांची मॅन्युअल १० मिलिमीटर पाऱ्यापर्यंतचा फरक चालवून घेतात, म्हणजे नळीत तब्बल १६ सेंटिमीटर. तुम्ही २ सेंटिमीटरच्या आत आणलंत तर तिथेच थांबा. पुढची अर्धा तास स्क्रूशी चाललेली झटापट निव्वळ हौस.

नळी ओढ मोजत नाही, दोघांची तुलना करते. याचा एक फायदा असा की घाट चढून हवा विरळ झाली तर ती दोघांनाही सारखीच विरळ होते. कोल्हापुरात केलेलं सिंक लेहमध्येही तसंच राहतं. "लडाखला निघालोय, तिथल्या उंचीसाठी सिंक करून द्या" म्हणून कुणी आलं तर आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

स्क्रूला हात लावण्याआधी

एका सिलिंडरचं टॅपेट घट्ट (व्हॉल्व्हची फट कमी) असेल, इनटेकचं रबर तडकलेलं असेल किंवा एक प्लग ठिणगी चुकवत असेल, तर त्या बाजूची ओढ मुळातच कमी पडते. तशा गाडीवर तेल समपातळीत आणलंत तर तुम्ही आजारी सिलिंडरच्या मापाने निरोगी सिलिंडर बिघडवला, असा त्याचा अर्थ. म्हणून क्रम असा : टॅपेट, एअर फिल्टर, प्लग, मग बटरफ्लायच्या कडेला धरलेलं काळं पुसणं आणि सगळ्यात शेवटी सिंक. आमचा अनुभव सांगतो की नुसतं ते काळं गेल्यावर निम्म्या गाड्या गप्प होतात.

काम उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये धुराचा वास येत नाही म्हणून गाफील राहू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. एअर-कूल्ड गाडी उभी राहून चालली की पटकन तापते. समोर घरातला पेडस्टल फॅन लावा आणि दर चार-पाच मिनिटांनी इंजिन बंद करून जरा थांबा. टाकी उचलावी लागली तर पेट्रोलची नळी तशीच ओढू नका. इंजेक्शनच्या गाडीत तिच्यात दाब असतो.

जोडणी

इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग बंद करा. थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडरचं हेड यांच्या मधे पेन्सिलीच्या टोकाएवढी नळी असते, वर काळी रबरी टोपी. दोन्ही टोप्या काढून पाटीच्या नळ्या घट्ट बसवा. टोपीऐवजी एखाद्या सेन्सरची नळी असेल तर ती काढून ठेवू नका, सोबत दिलेला टी-जोड मधे घाला.

नळीत आम्ही टू-स्ट्रोकचं तेल भरून देतो. ते संपलं तर तेच घाला. पाणी नको आणि पारा तर अजिबात नको. नळ्यांमधल्या दोन पितळी चिमट्या काढू नका. इंटरसेप्टरचा क्रँक (दोन्ही पिस्टन जोडलेला दांडा) २७० अंशांचा, म्हणजे दोन पिस्टनमध्ये तेवढं अंतर; निंजा ३०० चा १८०. दोन्हींत ओढीचे ठोके समान अंतराने पडत नाहीत, त्यामुळे मोकळ्या नळीत तेल बेडकासारखं उड्या मारतं. चिमटी जरा आवळली की ते शांत होतं. पूर्ण आवळलीत तर मात्र तेल हलायचंच थांबेल आणि तुम्हाला वाटेल सिंक झालं.

जुळवणी

दोन बटरफ्लायच्या मधल्या जोडावर एक स्क्रू असतो, स्प्रिंगवाला. तुमचं काम फक्त त्याच्याशी. रंग किंवा लाख लावून सील केलेले स्टॉप स्क्रू आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर यांना हात लावू नका. ते हलले की गाडी स्कॅनरवर घ्यावी लागते आणि तो खर्च या पाटीहून जास्त आहे.

इंजिन सुरू करा. मधला स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेरा फिरवा, हात काढा, एकदा हलकी रेस द्या, तेल स्थिरावू द्या आणि मगच बघा. पेचकसचा नुसता भारसुद्धा पातळी हलवतो. आयडलवर जमलं की ३००० आरपीएमला धरून पुन्हा बघा. काही गाड्यांना आयडलची हवा नेणारे वेगळे बायपास स्क्रू असतात. आयडलला बरोबर पण ३००० ला वाकडं, असं दिसलं तर बायपासने मूळ फरक झाकलेला असतो. तिथे मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमानेच जा.

एक आमचीच फजिती. पाटीचा पहिला नमुना आम्ही आमच्याच गाडीवर लावला होता. रेस देताना एका बाजूची नळी निसटली. दुसऱ्या बाजूच्या ओढीने पाटीतलं सगळं तेल दोन सेकंदांत इंजिनात गेलं आणि गल्ली निळ्या धुराने भरली. समोरच्या काकूंनी दोरीवरचे कपडे उचलले ते अजून आम्हाला ऐकवतात. तेल जळून गेलं, इंजिनाला काही झालं नाही. त्या जागी पाणी जास्त गेलं असतं तर पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकू शकला असता. तेव्हापासून पाटीच्या वरच्या टोकांना दोन छोट्या बाटल्या लावतो, निसटलेलं तेल त्यांत साठतं. तरीही एक हात कायम किल-स्विचजवळ असू द्या.

संपल्यावर

इंजिन बंद करून नळ्या काढा आणि दोन्ही रबरी टोप्या परत बसवा. आमच्याकडे "सिंक केल्यापासून आयडल चढलंय" म्हणून येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा एक टोपी सीटखालच्या पिशवीतच सापडते. टोपी चिरलेली वाटली तर दुकानात या, एक जोडी तशीच देऊ. पाटी उभीच टांगून ठेवा, आडवी ठेवलीत तर तेल बाटल्यांत उतरतं.