समुद्रात लोह टाकण्याचा वाद: 'लोहाफेक्स'ची पार्श्वभूमी

हवेतला कार्बन समुद्रात मुरवून त्याची 'क्रेडिट' (इतरांनी आपल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून विकत घ्यायची प्रमाणपत्रं) विकणाऱ्या कंपन्यांच्या बातम्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. बातमीत लोह आलं की समुद्रात लोह टाकून पाहणाऱ्या 2009 च्या लोहाफेक्स या भारत-जर्मनी प्रयोगाचं नाव हमखास निघतं, आणि दर वेळी 'तो प्रयोग फसला' या एका वाक्यात त्याची बोळवण होते. गोव्यातल्या समुद्रशास्त्रज्ञांचा त्यात निम्मा वाटा होता. तेव्हा हे प्रकरण थोडं मागून पाहायला हवं.

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र घेतो, आणि समुद्राच्या त्या वाट्यातला जवळजवळ 40 टक्के एकट्या दक्षिण महासागरात जातो. याच महासागराचं एक जुनं कोडं होतं. पाण्यात नायट्रेट आहे, फॉस्फेट आहे, उन्हाळ्यात भरपूर उजेड आहे, तरी वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या, कार्बन डायऑक्साइड शोषून वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) जेमतेम. लोह कमी पडत असावं ही शंका 1930 च्या दशकातच घेतली गेली होती, पण ती तपासता येत नव्हती. जहाज लोखंडाचं, तारा लोखंडाच्या, त्यामुळे वर आलेल्या प्रत्येक नमुन्यात लोह सापडायचंच. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि धातूविना दोर वापरून 1980 च्या दशकात स्वच्छ मोजमाप सुरू झालं, तेव्हा लोहाचे आकडे एकदम खाली आले. त्याच सुमारास अंटार्क्टिक हिमगाभ्यांत (बर्फात खोलवर छिद्र पाडून काढलेल्या जुन्या थरांत) दिसलं की हिमयुगांत धूळ जास्त होती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी. वाळवंटाची धूळ म्हणजे लोह. 'अर्धं टँकर लोह द्या, मी हिमयुग आणून देतो' हे एका अमेरिकन शास्त्रज्ञाचं 1988 मधलं विधान गमतीत केलेलं होतं, पण पुढची वीस वर्षं ते गंभीरपणे घेतलं गेलं.

1993 ते 2009 या काळात खुल्या समुद्रात असे तेरा प्रयोग झाले. पहिला गॅलापागोसजवळ 64 चौरस किलोमीटरवर. 1995 मध्ये त्याच भागात दुसरा झाला आणि निळं पाणी अक्षरशः हिरवं झालं. 1999 मध्ये दक्षिण महासागरात केलेल्या प्रयोगाचा हिरवा पट्टा सहा आठवड्यांनंतरही उपग्रहाला दिसत होता. त्यामुळे लोह टाकलं की प्लवक वाढतं, याबद्दल तेव्हाच फारसा वाद उरला नव्हता. वाढलेलं प्लवक मरून खोल जातं का, हे मात्र कुणालाच नीट दाखवता येत नव्हतं. वरच्या शंभर-दोनशे मीटरमध्येच ते कुजलं तर कार्बन काही महिन्यांत परत हवेत येतो. हजार मीटरखाली गेलं तर शतकानुशतकं अडकून राहतो.

वापरलेला पदार्थ आपल्या ओळखीचा आहे: फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस. उसावर केवडा पडला की शेतकरी ज्याची फवारणी करतात तेच. हिरवट खडे डेकवरच्या टाक्यांत आम्लमिश्रित समुद्रपाण्यात विरघळवायचे आणि तरंगत्या बोयाभोवती जहाज चक्राकार फिरवत मागच्या पाण्यात सोडायचे. द्रावण पसरून नाहीसं होऊ नये म्हणून जागा निवडतात ती भोवऱ्याची. पन्नास-शंभर किलोमीटर व्यासाचे, आठवडेच्या आठवडे स्वतःभोवती फिरणारे पाण्याचे भोवरे तिथे असतात.

लोहाफेक्सची आखणी अशी होती: दक्षिण महासागराच्या नैर्ऋत्य अटलांटिककडच्या भागात एक भोवरा शोधायचा, 300 चौरस किलोमीटरवर सुमारे 20 टन हिराकस सोडायचं आणि नेहमीपेक्षा जास्त दिवस त्याचा पाठलाग करायचा. जहाज जर्मन होतं, पोलरस्टर्न. शास्त्रज्ञांत निम्म्याहून अधिक भारतीय. 7 जानेवारी 2009 रोजी जहाजाने केप टाउन सोडलं, आणि ते समुद्रात असतानाच पर्यावरणवादी संघटनांची पत्रं जर्मन सरकारकडे पोहोचली. पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवायची मागणी केली, संशोधन मंत्रालयाने तो स्थगित केला आणि नव्याने परीक्षण मागवलं. शास्त्रज्ञ भोवरा शोधत, मोजमापं घेत थांबले. खडे डेकवर तसेच.

आक्षेपाचा आधार होता मे 2008 मध्ये बॉन इथे झालेला जैवविविधता कराराचा निर्णय. त्याने सदस्य देशांना समुद्राच्या खतीकरणापासून, म्हणजे प्लवक वाढवण्यासाठी लोहासारखं पोषण टाकण्यापासून, दूर राहायला सांगितलं होतं. अपवाद एकच: किनारी पाण्यातले लहान प्रमाणावरचे वैज्ञानिक अभ्यास. आता 300 चौरस किलोमीटर लहान की मोठं, यावर दोन्हीकडून बोलता येतं. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून याहून मोठी आहेत, पण दक्षिण महासागरात हा ठिपकासुद्धा नाही. 'किनारी' या शब्दाचं काय करायचं? किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांमुळे, गाळामुळे लोह आधीच भरपूर असतं. लोहाच्या टंचाईचा अभ्यास लोह भरपूर असलेल्या पाण्यातच करा, असा त्याचा अर्थ होतो. समुद्रशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ही अट मनमानी आणि उलटा परिणाम करणारी असल्याचं 2008 मध्येच सांगून ठेवलं होतं. अट कुणी आणि का घातली हे समजून घ्यायला हरकत नाही, पण ती घालणाऱ्यांत समुद्रावर काम केलेले फारसे नसावेत असं वाटल्याशिवाय राहत नाही.

त्यातच ऑक्टोबर 2008 मध्ये समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या लंडन कराराचा ठराव आला. त्याने व्यापारी खतीकरण नाकारलं, पण खऱ्या वैज्ञानिक संशोधनाला मुभा दिली. अट एवढीच की प्रत्येक प्रस्ताव तपासून घ्यावा. त्यात किनाऱ्याचा उल्लेखही नाही. म्हणजे दोन कागद, आणि ज्याला जो सोयीचा तो त्याने दाखवायचा. बॉनची परिषद जर्मन पर्यावरण मंत्रालयाच्याच यजमानपदाखाली झाली होती, त्यामुळे त्यांची अडचण कळते. दोन मंत्रालयं आघाडीतल्या दोन वेगळ्या पक्षांकडे होती आणि सप्टेंबरात निवडणूक होती, हेही नोंदवायला हवं.

गंमत अशी की याच जहाजावरून, याच महासागरात 2000 मध्ये आणि 2004 मध्ये असेच प्रयोग झाले होते, तेव्हा असा गदारोळ झाला नव्हता. मधल्या काळात बदललं ते बाजाराचं वारं. 2007 मध्ये एका अमेरिकन कंपनीने गॅलापागोसजवळ लोह टाकून कार्बन क्रेडिट विकण्याचा घाट घातला, आणि बॉनचा निर्णय खरं तर तिला लगाम घालण्यासाठी होता. लगाम पडला तो गोव्याच्या आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांना. संघटनांची भीती निराधार होती असं नाही. संशोधनाच्या आडून व्यापार शिरतो, हे पुढे दिसलंच. पण लोहाफेक्समध्ये विकायला काहीच नव्हतं.

ब्रिटन आणि जर्मनीतल्या परीक्षकांनी वैज्ञानिक, कायदेशीर दोन्ही बाजूंनी हरकत नसल्याचं कळवलं आणि 26 जानेवारीला परवानगी आली. भारतीय चमूसाठी तो प्रजासत्ताक दिन. लगेच हिराकस पाण्यात गेलं.

पहिल्या दोन आठवड्यांत प्लवक दुपटीने वाढलं, मग थांबलं. वाळूच्या दाण्याएवढे कोपेपॉड नावाचे प्राणी ते खात होते, आणि त्यांना कोळंबीसारखे दिसणारे अँफिपॉड. खाली फार थोडं गेलं. कारण पाण्यात सिलिका फार कमी होती. काचेसारखं कवच असलेले डायटम हे प्लवक सिलिकेशिवाय वाढत नाहीत. त्यांची जागा मऊ अंगाच्या छोट्या प्लवकांनी घेतली, आणि ती चटकन फस्त झाली. सिलिका भरपूर असलेल्या भोवऱ्यात 2004 मध्ये केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे डायटमचा बहर आला होता आणि त्यातला किमान निम्मा हजार मीटरखाली गेला होता. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर लोहाफेक्स 'फसला' म्हणणं चूक ठरतं. कुठल्या पाण्यात ही युक्ती चालणार नाही, हे त्याने दाखवलं. मार्च 2009 च्या मथळ्यांत मात्र तेवढी जागा नव्हती.

त्याच 2012 मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे सुमारे 100 टन हिराकस टाकलं गेलं, ते व्यापारी हेतूने आणि कुठल्याही परीक्षणाशिवाय. वर्षभराने अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी लंडन शिष्टाचारात (लंडन कराराच्या सुधारित रूपात) दुरुस्ती झाली, पण पुरेशा देशांनी ती स्वीकारलेली नसल्याने अजून अंमलात आलेली नाही. अलीकडे भाताच्या तुसावर लोह चढवून ते अरबी समुद्रात सोडण्याची कल्पना पुढे आली. तिच्यातही गोव्यातला एक गट होता. ईशान्य पॅसिफिकमध्ये मोठ्या प्रयोगाचा आराखडाही मांडला गेला आहे. लोहाफेक्सच्या तोडीचा, खुल्या समुद्रातला वैज्ञानिक प्रयोग मात्र 2009 नंतर झालेला नाही.